मागे हजर

गार्गीचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. शुक्रवारची दुपार टळत आली होती. थोड्या वेळानं वरच्या मजल्यावर, देवस्थळींच्या हॉलमध्ये, मुलं जमणार होती. "काकू, बाबा गेले," ती म्हणाली. एवढंच. देवस्थळींची ही मुलगी शारजात जन्मली, इथेच वाढली, आता दुबईत नोकरी करते. वडिलांनी डोळे वटारल्याशिवाय तिच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य कधी बाहेर पडलं नाही. त्या दिवशी ते आपण होऊन बाहेर पडलं, म्हणूनच मला "काय म्हणालीस?" असं विचारावं लागलं नाही. जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. मी गॅस बंद केला आणि जिना चढून वर गेले. चाळणीतले पोहे तसेच राहिले...

त्याला आता काही आठवडे झाले. या काळात त्यांच्याबद्दल खूप लोक खूप चांगलं बोलले. मीही बोलणार आहे, पण मला त्यांचा एका बाबतीत फार राग होता आणि तो वगळून लिहिलं तर त्यांनाच आवडलं नसतं.

श्रीराम देवस्थळी हे नाव शारजातल्या अल मजाजच्या आमच्या भागात चटकन कुणाला कळणार नाही. 'जनरल' म्हटलं की खालचा मल्याळी वॉचमनसुद्धा मजला सांगायचा. मी त्यांना भाऊजी म्हणायची. या भाऊजींनी आयुष्यात कधी लष्कराचा गणवेश घातला नव्हता. बाथरूममध्ये झुरळ निघालं की बायकोला, शुभदाला, हाक मारायचे. मूळचे इतिहासाचे प्राध्यापक, साताऱ्याकडच्या एका कॉलेजात. पर्मनंट होण्याची वाट बघून कंटाळले, आणि शुभदाला इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा तिच्या पाठोपाठ आले. इथे इतिहासाला कोण विचारतो? एका कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलर झाले, म्हणजे बिल्डिंगांचे नकाशे आणि पत्रं यांना नंबर घालून ती जागच्या जागी लावून ठेवायची. पण येताना बॅगेतून त्यांनी एक माणूस बरोबर आणला होता. जनरल रायाजीराव धुमाळ. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या एका छोट्या मराठी संस्थानाच्या फौजेचे जनरल, आणि तलवार खाली ठेवल्यावर त्याच संस्थानात घोड्यांच्या रिकाम्या पागेत शाळा काढून म्हातारपणापर्यंत शिकवत राहिलेले मास्तर. भाऊजी त्यांचं चरित्र लिहीत होते. आम्ही शारजात राहायला आलो तेव्हाही लिहीत होते, माझी रेवा शाळेत जायला लागली तेव्हाही लिहीत होते. "जनरल कुठवर पोचले?" असं आम्ही विचारायचो आणि ते दर वेळी म्हणायचे, "नदीपाशी अडलेत."

दर शुक्रवारी दुपारी ते आमच्या मुलांना मराठी शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, थोडं लिहायला लावायचे आणि बाकी वेळ रायाजीरावांच्या गोष्टी सांगायचे. बसायची पद्धतही जनरलचीच. रायाजीराव म्हणे वर्गात पुढे कधी उभे राहिले नाहीत. माघार घेताना ते फौजेच्या सगळ्यांत मागे चालले होते, ती खोड शाळेतही राहिली. तसे भाऊजी मुलांच्या मागे, दाराजवळ उभे राहून बोलायचे आणि मुलं समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत ऐकायची. मला हे सगळं जरा वेडगळच वाटायचं. मुलांना शंका वेगळ्याच असायच्या. एकदा रेवानंच विचारलं होतं, "काका, बट डिड ही विन?"

"नाही. हरला."

"देन व्हाय आर वी लर्निंग हिम?"

"कारण तो सगळ्यांत शेवटी परतला," भाऊजी म्हणाले. रेवाचं समाधान झालं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मला त्यांच्या स्वयंपाकघरातून दिसलं, तिथे मी मुलांसाठी पोहे परतत होते.

खरी गंमत हजेरीची होती. वही नव्हती, सगळी नावं त्यांना पाठ, तीही वडिलांच्या नावासकट. एखादं मूल आलं नसेल तर त्याच्या नावापुढे गैरहजर म्हणायची सोय नव्हती. ते कुठे आहे हे ज्याला ठाऊक असेल त्यानं उत्तर द्यायचं. "आजीकडे डोंबिवलीला हजर." "ताप आलाय, घरी हजर." उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव नाही. कायमचं गाव सोडून गेलेल्यांची नावंही ते काढत नसत. मुलांना शिकवायला मदत करणारे एक-दोन बापसुद्धा हजेरीत होते, त्यांतला एक माझा नवरा मिलिंद. सगळ्यात शेवटी भाऊजी स्वतःचं नाव पुकारायचे आणि दाराजवळून स्वतःच म्हणायचे, "मागे हजर." ही रीतही रायाजीरावांच्या शाळेतली. ती तिथे का सुरू झाली, हे मात्र त्यांनी मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

मग दोन हजार आठ आलं. त्या वर्षाच्या शेवटी दुबईतल्या क्रेन एकेक करून थांबायला लागल्या. आमच्या घरांत बहुतेक सगळे बांधकामाशी या ना त्या नात्यानं बांधलेले, त्यामुळे कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायचीही भीती वाटायची. खाली कचऱ्याच्या डब्यांशेजारी चांगले सोफे, पाळणे, डायनिंग टेबलं येऊन पडायला लागली. सकाळी लिफ्टमध्ये भेटलेलं कुटुंब पुढच्या आठवड्यात ठाण्याला असायचं. शुक्रवारचा वर्ग रोडावत गेला आणि हजेरी मात्र लांबत गेली. "नाशिकला हजर." "बोरिवलीला हजर." "काका, ही वेंट टू ऑकलंड. ऑकलंडला हजर." मला ते ऐकवत नसे. मी आत जाऊन कांदा चिरायची.

मिलिंद एका कॉन्ट्रॅक्टरकडे प्लॅनिंग इंजिनिअर होता. पुढच्या जानेवारीत तो शुक्रवारीही, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही, कामावर जायला लागला. "हँडओव्हर जवळ आलंय," म्हणायचा. हेल्मेट मागच्या सीटवर टाकून सकाळी निघायचा, अंधार पडला की यायचा, जेवायचा, झोपायचा. मला मनातून बरंच वाटत होतं. ज्याच्यामागे काम जास्त त्याची नोकरी पक्की, असा माझा साधा हिशेब होता.

अशाच एका शुक्रवारी हजेरी चालू होती. "मिलिंद शंकर गोगटे?"

"साइटवर हजर," रेवा म्हणाली.

पुढचं नाव आलं नाही. मला वाटलं त्यांना ठसका लागला असेल. थोड्या वेळानं परत आवाज आला, "मिलिंद शंकर गोगटे?" मुलं मागे वळून बघायला लागली. आजवर कुणाचंही उत्तर भाऊजींनी खोटं मानलं नव्हतं. रेवा घाबरून म्हणाली, "काका, आय सेड ना, साइट." मी झारा हातात घेऊनच बाहेर आले आणि जरा चढ्या आवाजात म्हणाले, "अहो, साइटवर आहे तो. सकाळीच गेलाय." त्यांनी मुलांना लिहायला काहीतरी दिलं, माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं.

"वहिनी, ती साइट बंद झालीय. कुलूप लागलंय तिला."

"कधी?"

"नवीन वर्ष लागलं तेव्हाच."

मी मिलिंदला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. रोज सकाळी तो हेल्मेट घेऊन कुठे जात होता, हे या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या हिवाळ्यात आम्ही बायका एका माणसाबद्दल कुजबुजत होतो, पलीकडच्या टॉवरमधला, मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून परत वर, थेट गच्चीवर गेलेला... त्याची गोष्ट कुणी पुरी सांगत नसे. ती गोष्ट मला त्या क्षणी पुरी आठवली.  भाऊजींनी स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "त्याला त्रास झाला की तो कुठे जातो?" मी म्हणाले, "फुजैराला." इथे आल्यावर आमची पहिली वर्षं पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैरात गेली होती. मिलिंद तेव्हा तिथे तेलाच्या टाक्यांच्या कामावर होता, आणि बॉसशी भांडण झालं की रेवाला कडेवर घेऊन समुद्रावर जहाजं बघत बसायचा. दुसरं काही मला सुचलंच नाही.

रेवाला शुभदाकडे सोडून आम्ही निघालो. गाडी भाऊजींची. धैद गेलं, शुक्रवार बाजारातली गालिच्यांची आणि फळांची दुकानं गेली. लोक गाड्या थांबवून आरामात कणसं खात होते आणि मला त्यांचा संताप येत होता. मी एकसारखी फोन लावत होते. डोंगर लागले तेव्हा सिग्नल गेला आणि मग माझ्या हाताला काही काम उरलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते आलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. "पहिल्या दिवसापासून. त्या साइटवर कन्सल्टन्सी आमचीच, ते कागद माझ्याच टेबलावरून गेले. मिलिंदलाही काढलं, हेही कळलं होतं."

"आणि गेल्या शुक्रवारी तुम्ही माझ्या हातचे पोहे खाल्लेत."

"हो."

"त्याच्या आधीच्याही."

"हो. वाटलं, तो स्वतः सांगेल. त्याचा मान राहावा म्हणून गप्प बसलो. आज रेवानं साइट म्हटलं आणि..." मी काय काय बोलले ते लिहीत नाही. इतकं नक्की की गाडी चालवणाऱ्या माणसाला असं बोलू नये.  मसाफीच्या पुढे उतार लागल्यावर, मी रडून गप्प झाल्यावर, ते रायाजीरावांबद्दल बोलायला लागले. मला दार उघडून खाली उतरावंसं वाटलं. पण उतरणार कुठे? ऐकलं.

रायाजीराव लढाई हरून फौज मागे आणत होते. वाटेत मोठी नदी होती आणि पलीकडे नेणाऱ्या नावा शत्रूनं आधीच प्रवाहात सोडून दिल्या होत्या. जासुदानं ही खबर जनरलला आणली. जनरलनं ती कुणाला सांगितली नाही. दमलेली माणसं आहेत, आशेवर चालतायत, कळलं तर वाटेतच बसतील, असा विचार केला. माणसं काठावर पोचली. नावा नाहीत. पाठीमागे शत्रू आहे म्हणून घाबरून त्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. संध्याकाळी हजेरी घेतली तेव्हा नावामागून नाव पुकारलं आणि उत्तर येईना. कोण बुडालं, कोण पोहून गेलं, कोण पळालं, काही कळायला मार्ग नाही. सगळ्यांत मागे चाललेला जनरल सगळ्यांत शेवटी काठावर पोचला होता. पुढे नोकरी सोडून ते गावोगाव हिंडले, एकेका नावाचा पत्ता लावत. त्या घरांतून त्यांना पोरं दिसली, बाप हरवलेली, गुरं राखणारी. ती पोरं गोळा करून पागेत शाळा सुरू केली. आणि म्हणून तिथली हजेरी तशी.

"हे मी मुलांना कधी सांगितलं नाही," भाऊजी म्हणाले. "पुस्तकातही लिहू शकलो नाही. त्यांनी जे केलं त्याला काय म्हणायचं तेच ठरत नव्हतं. वाचताना मला नेहमी वाटायचं, यांच्या जागी मी असतो तर सांगितलं असतं."

फुजैराला पोचलो तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता, पण उजेड होता. समुद्रात जहाजंच जहाजं नांगरून पडली होती, त्यांनाही त्या वर्षी काम नव्हतं. मिलिंदची गाडी किनाऱ्याच्या रस्त्यावर दिसली. आत हेल्मेट होतं, तो नव्हता. मग समुद्रात लांबवर गेलेल्या दगडांच्या बांधावर, अगदी टोकाशी, मला त्याचा निळा शर्ट दिसला. तो उभा होता. बसलेला नव्हता, उभा होता, आणि समोर फक्त पाणी होतं. मी धावायला गेले तर भाऊजींनी माझा हात धरला. पोचायला वेळ लागला असता, आणि आम्हाला येताना बघून तो काय करेल कुणाला ठाऊक. त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि वर्गातला तो आवाज काढला, दर शुक्रवारचा, जराही कमीजास्त नाही.

"मिलिंद शंकर गोगटे!"

निळा शर्ट हलला. तोंड पाण्याकडेच होतं. आणि मग वाऱ्यावरून, सवयीनं, वर्गातल्या मुलानं द्यावं तसं उत्तर आलं.

"हजर."

मी तिथेच वाळूत बसले. भाऊजी बांधावरून चालत टोकापर्यंत गेले. दोघांत काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, फार झालं नसावं. मग ते परत यायला लागले, मिलिंद पुढे आणि भाऊजी मागे. दगड ओले होते. मध्येच भाऊजी घसरले आणि गुडघ्यावर आपटले. मिलिंद थांबला, वळणार होता, तर त्यांनी हातानं खूण केली, यल्ला, चल पुढे. तो पुढे बघत चालत राहिला. नंतर मला म्हणाला, "मागून पावलं ऐकू येत होती, म्हणून चालता आलं." तो तिथे कशासाठी उभा होता, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. आमचं तसं न बोलता ठरलंय.

भाऊजींचा गुडघा त्यानंतर कधी नीट झाला नाही. उभं राहून शिकवणं बंद झालं. पुढच्या शुक्रवारी मिलिंदनं खाली कचऱ्याजवळ ठेवून गेलेल्या कुणाच्या तरी डायनिंग सेटमधली एक खुर्ची वर नेली, पुसली आणि दाराजवळ ठेवली. त्या दिवशी त्यांनी मुलांना नदीची गोष्ट सांगितली, काही न गाळता.  रेवा म्हणाली, "ही शुड हॅव टोल्ड देम."

"हो," मागून आवाज आला. "सांगायला हवं होतं."

पुढे सगळं सावरलं, म्हणजे बहुतेकांचं सावरतं तसं, अर्धंमुर्धं. मिलिंदला फुजैरात एका टर्मिनलवर कमी हुद्द्याची नोकरी मिळाली. आठवडाभर तिकडे आणि सुट्टीला इकडे, आणि सुट्टीतही कधी ड्यूटी लागायची. तेव्हा रेवा मोठ्या ऐटीत म्हणायची, "फुजैराला हजर." त्याच वर्षी भाऊजींची नोकरी गेली. "खलास, वहिनी. आता मी बायकोच्या व्हिसावर," असं हसत सांगत आले आणि शारजातल्याच रोल्ला भागात, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये इतिहास शिकवायला लागले. मल्याळी, पाकिस्तानी, बंगाली, सगळी पोरं. तिथेही मागे बसून शिकवायचे. पुस्तक मात्र झालं नाही. नदीचं प्रकरण लिहिलं, मग पुढचं लिहायची घाई उरली नसावी. मला वाटतं, इथे येऊन जे हातचं गेलं असं त्यांना वाटत होतं ते रोल्लातल्या त्या क्लासमध्ये त्यांना परत मिळालं, आणि ते त्यात सुखी होते.

माझा राग मात्र तसाच राहिला. त्यांनी माझा नवरा परत आणला, हे मी जन्मभर विसरणार नाही. पण ते आधी बोलले असते तर तो त्या टोकापर्यंत गेलाच नसता, हेही मला विसरता येत नव्हतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एका माणसाबद्दल होतं. मी दर शुक्रवारी पोहे नेत राहिले. दर वर्षी दिवाळीनंतर ते मला विचारायचे, "वहिनी, यंदा हजेरीत नाव घालू का?" आणि दर वर्षी मी म्हणायची, "नको. मी कुठे असते ते मला माहीत असतं." ते मान हलवायचे. राग अजून गेलेला नाही, हा अर्थ त्यांना कळायचा. गेल्या दिवाळीनंतरही त्यांनी विचारलं होतं.

ते गेल्यावर पहिले काही शुक्रवार वर्ग भरला नाही. मग मुलांनीच भरवला. मुलं म्हणजे आता पहिली मुलं मोठी होऊन नोकऱ्या करतायत, त्यांनी दुसरी लहान मुलं गोळा केली आहेत. मी नेहमीप्रमाणे पोहे घेऊन वर गेले. शुभदा सोफ्यावर होती, गार्गी तिच्याजवळ. दाराजवळ ती खुर्ची रिकामी होती, तिच्या पाठीवर त्यांचा स्वेटर तसाच. मिलिंद लहान मुलांमध्ये खाली सतरंजीवर, भिंतीकडे तोंड करून बसला होता. हजेरी रेवानं घ्यायची ठरलं होतं. वही नव्हतीच, पण इतकी वर्षं ऐकून सगळी नावं तिलाही पाठ. ठाण्याला हजर, नाशिकला हजर, ऑकलंडला हजर... जुन्या-नव्या नावांना उत्तरं येत गेली. शेवटचं नाव उरलं आणि ती थांबली. एक छोटी मुलगी हळूच म्हणाली, "दीदी, देअर इज वन मोर." रेवानं माझ्याकडे बघितलं. तिला त्या नावापर्यंत नेऊन सोडणारं कुणीतरी हवं होतं, आणि तोपर्यंत मी पोहे खाली ठेवले होते.

"थांब," मी म्हणाले. "त्यांच्याआधी एक राहिलंय."

"हू?"

"मी. घाल माझं नाव. शेवटचं त्यांचंच राहू दे."

रेवानं डोळे पुसले. "वैशाली मिलिंद गोगटे?"

"हजर," मी म्हणाले, आणि मिलिंदच्या शेजारी खाली बसले.

"श्रीराम वासुदेव देवस्थळी?"

सगळी मुलं वळून खुर्चीकडे बघायला लागली. मिलिंद वळला नाही. समोरच्या भिंतीकडे बघतच म्हणाला,

"मागे हजर."